दाजी दारातच होते

माझ्या अक्काच्या नवऱ्याला, म्हणजे आमच्या दाजींना, मी कधी खुर्चीला पाठ टेकून बसलेलं पाहिलं नाही. मुळात ते बसायचेच कमी. कुठंही गेले की आधी दार शोधायचे आणि त्याच्या उजव्या अंगाला ताठ उभे राहायचे. लग्नात, बारशात, सगळीकडे. अक्काला बघायला ते आमच्या धारच्या घरी आले, तेव्हा आईला वाटलं हा पाहुण्यांनी बरोबर आणलेला शिपाई असावा. तिनं हळूच विचारलं, की नवरामुलगा मागच्या मोटारीनं येतोय का. ही गोष्ट मी चारचौघांत सांगितली की दाजी मिशीवरून बोट फिरवत एवढंच म्हणायचे, "दार मोकळं होतं. कुणीतरी उभं राहायला पाहिजे होतं."

मारुतीराव भापकर त्यांचं नाव. देवासच्या थोरल्या पातीच्या पहाऱ्याचे ते जमादार. देवास गाव एकच, पण संस्थानं तिथं दोन होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. राजे दोन, वाडे दोन, कचेऱ्या दोन, आणि बाजारच्या रस्त्याची एक बाजू एका पातीची तर समोरची दुसरीची. टेकडीवरच्या देवीसुद्धा दोन. मी धारची, आमच्याकडे सगळं एकेकच, त्यामुळं मला याचं फार हसू यायचं आणि मी ते अक्काच्या सासरी कधी लपवलं नाही. पण देवासच्या लोकांनी यातून एक शहाणी रीत काढली होती. एका पातीला जे द्यायचं ते दुसरीलाही द्यायचं. इकडं नारळ गेला की तिकडंही नारळ जायचा. खर्च दुप्पट व्हायचा, पण भांडण टळायचं.

धाकट्या पातीच्या पहाऱ्याचे जमादार होते गणपतराव. रस्त्याच्या त्या बाजूच्या देवडीत ते आणि या बाजूच्या देवडीत दाजी. दोघं लहानपणापासूनचे दोस्त. रोज सकाळी रस्त्याच्या दोन कडांना उभे राहून एकमेकांना मुजरा करायचे, आणि आज कुणाची कंबर कमी वाकली यावरून दुपारपर्यंत धुसफुसायचे. पहारा बदलायची रीत मात्र दोन्ही पात्यांची एकच होती. नवा माणूस येऊन जुन्याच्या शेजारी उभा राहणार, समोर बघत "पहारा माझा" म्हणणार, आणि हे शब्द कानावर पडल्याशिवाय जुन्यानं पाऊल हलवायचं नाही. आपल्या पहिल्या मुलाच्या जन्माची बातमी दाजींनी अशीच उभ्या उभ्या ऐकली होती. पहारा संपेपर्यंत ते हसलेसुद्धा नाहीत, असं अक्का सांगते. तिचा तो राग अजून उतरलेला नाही.

अठ्ठेचाळीस साली संस्थानं गेली, मध्यभारत झालं आणि दोन देवड्यांची एक देवडी झाली. रेशनचे दिवस होते. सरकारनं देवासला धान्याचं गोदाम केलं आणि त्याच्या राखणीला एक मुख्य माणूस हवा होता. दाजी वयानं थोडे मोठे, म्हणून त्यांना नेमलं, आणि जमादार हा जुना शब्द काढून त्यांना सुरक्षा अधिकारी असं भारदस्त नाव दिलं. गणपतराव त्यांच्या हाताखाली आले. त्या दिवसापासून सकाळचा मुजरा बंद पडला. गणपतराव कामात कधी चुकले नाहीत, पण दाजींशी बोलेनात, आणि हा बोलत नाही म्हटल्यावर दाजीही बोलेनात. जे सांगायचं ते तिसऱ्याला सांगायचे, आणि तेही "त्या बाजूला सांगा" असं. रस्त्याला आता बाजू उरल्या नव्हत्या, पण या दोघांना कोण समजावणार?

आता बकऱ्यांकडे येते. दसऱ्याला पहाऱ्यातल्या शस्त्रांची पूजा व्हायची. त्यासाठी बाजारातले व्यापारी जुन्या काळापासून दोन्ही देवड्यांना मानाचा एकेक बकरा देत आले होते. तो बकरा जमादाराच्या घरी जात नसे. देवीला दाखवून सगळ्या पहाऱ्याची पंगत उठायची. देवडी एक झाली तरी व्यापाऱ्यांनी बकरे दोनच आणले. एक आणला असता तर तो कुठल्या पातीचा असा प्रश्न निघाला असता, आणि देवासमध्ये असले प्रश्न कुणी काढत नाही. दाजींनी दोन्ही बकरे घेतले आणि गोदामाच्या फाटकाला बांधले, एक उजवीकडं आणि एक डावीकडं.

एक्कावन्नच्या दसऱ्याला ते तसे बांधलेले असताना नवे वरिष्ठ साहेब मोटारीतून उतरले. बाहेरून आलेले, तरणेताठे, आणि लाचखोरी मुळापासून उपटायची असं ठरवून आलेले. माणूस वाईट होता असं मी म्हणणार नाही. फार घाईचा होता. त्यानं विचारलं, "ये बकरे किसके हैं?" दाजींनी छाती काढून सांगितलं, "मेरे हैं हुजूर. मान के हैं." कुणी दिले? व्यापाऱ्यांनी. कुठल्या व्यापाऱ्यांनी? ज्यांच्या गाड्या या फाटकातून जातात येतात त्याच. आणि दोन कशाला? "दो पाती हैं न, हुजूर." पाती म्हणजे काय ते साहेबांना ठाऊक नव्हतं, आणि ते कुणाला ठाऊक नसेल हे दाजींच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं. बकरे जप्त झाले. गाड्या न तपासता सोडण्यासाठी व्यापाऱ्यांकडून लाच घेतली, असा आरोप दाजींवर आला आणि चौकशी लागली.

अक्कानं देव पाण्यात घातले. दाजी मात्र निवांत होते. चौकशी म्हणजे विचारणारच, आणि विचारलं की सांगायचं, यात भिण्यासारखं काय, असं त्यांचं म्हणणं. रोज अंघोळ झाल्यावर ते अक्कासमोर उभे राहून आपलं उत्तर म्हणून दाखवायचे. त्यात दोन्ही पात्यांचा इतिहास होता, देवीचं नाव होतं आणि शेवटी एक मुजरा होता.

चौकशी जुन्या कचेरीत झाली. त्या इमारतीला पुढच्या अंगाला दोन दारं आहेत, शेजारीशेजारी, एक थोरल्या पातीचं आणि एक धाकट्या पातीचं. साहेबांचा हुकूम आला की चौकशी चालू असताना आत कुणाला सोडायचं नाही, दारं बंद ठेवायची आणि पक्का पहारा लावायचा. पहारा लावायचं काम सुरक्षा अधिकाऱ्याचं. दाजींनी धाकट्या दारावर गणपतरावांना लावलं, आणि थोरल्या दारावर, इतक्या महत्त्वाच्या कामाला दुसऱ्या कुणावर भरवसा नको म्हणून, स्वतःला लावलं.

पुढं काय झालं ते तुमच्या ध्यानात आलंच असेल. आतून शिपायानं पुकारा केला, मारुतीराव भापकर हाजिर हो. दाजींनी समोर रस्त्याकडे बघतच "हाजिर" म्हटलं, पण पाठीमागचं सागवानी दार जाड, आत काही गेलं नाही. पुन्हा पुकारा झाला, पुन्हा दाजी ओरडले. तिसऱ्यांदाही तेच. पण दार सोडून ते आत गेले नाहीत, कारण "पहारा माझा" म्हणायला कुणी आलं नव्हतं. म्हणू शकणारा माणूस शेजारच्या दारात उभा होता. गणपतरावांनी तिन्ही पुकारे ऐकले. हा विचारील म्हणून ते थांबले, आणि हा आपणहून म्हणेल म्हणून दाजी थांबले. आत कागदावर लिहिलं गेलं, की आरोपी पुकारूनही आला नाही, तेव्हा त्याला काही सांगायचं नाही असं दिसतं. संध्याकाळी दाजी बडतर्फ झाले.

हे सगळं मला धारला कळलं तेव्हा मी आधी पोट धरून हसले आणि मग मला रडू फुटलं. एवढ्या सरळ माणसाला चोर ठरवलं होतं, आणि तेही तो हुकूम पाळत उभा होता म्हणून.

सरकारी घर गेलं, तेव्हा अक्का आणि दाजी माझ्याकडे राहायला आले. मी मुलींच्या शाळेत शिकवत होते, दोन खोल्यांत एकटीच राहत होते, मला सोबत झाली. मात्र माझ्या दाराला पहारा बसला. दूधवाला वर्षानुवर्षं येणारा, त्यालाही दाजी रोज विचारायचे, कौन है. तो बिचारा रोज सांगायचा, "भिया, दूध है." एकदा आमच्या मुख्याध्यापिका आल्या तर त्यांना अंगणात उभं करून दाजी मला विचारायला आत आले, की सोडू का. त्या चहा पिताना सारख्या दाराकडे बघत होत्या. मी दाजींना म्हटलं, आता माझी नोकरीही घालवा म्हणजे आपण सगळे मिळून दारात उभे राहू. अक्का कितीतरी दिवसांनी खळखळून हसली.

शेजारी नीलकंठराव वकील राहत. त्यांच्या बैठकीत अशिलांची नुसती झुंबड असायची. दाजी एक दिवस सहज तिथं गेले आणि सवयीनं दाराशी उभे राहिले. दुसऱ्या दिवसापासून अशील एकामागून एक, मुकाट्यानं, चपला ओळीत काढून आत जाऊ लागले. वकील खूष झाले. त्यांनी दाजींची हकिगत ऐकून घेतली आणि म्हणाले, की नव्या घटनेप्रमाणे सरकारी माणसाला त्याचं म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय काढता येत नाही, आपण हायकोर्टात इंदूरला अर्ज करू. मात्र एक गोष्ट त्यांनी आधीच बजावली.

"मारुतीराव, कोर्ट बकऱ्यांकडे बघणार नाही. ते लाचेचे का मानाचे, हे ठरवणं त्याचं काम नाही. तुम्हाला विचारून काढलं का न विचारता, एवढंच ते बघेल."

"मला तेवढंच पाहिजे," दाजी म्हणाले. "मला कुणीतरी विचारा म्हणावं."

मला वाटतं, नोकरीपेक्षा त्यांना तेच लागलं होतं. लोक आपल्याला चोर म्हणतात याहीपेक्षा, खरं काय ते कुणी विचारलंच नाही, हे त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं. सकाळी ते अजूनही उत्तर म्हणून दाखवायचे, आता अक्काऐवजी माझ्यासमोर. मला ते पाठ झालं होतं. मधेच अडखळले तर मी सांगायची.

अडचण एकच होती. कागदावर गैरहजर लिहिलेलं, आणि दाजी दारातच होते हे पाहणारा माणूस एकच. त्याच्या शपथपत्राशिवाय अर्जात दम नाही, असं वकिलांचं स्पष्ट मत पडलं. गणपतरावांचं नाव निघताच दाजी उठून अंगणात गेले. त्या बाजूपुढं मी तोंड वेंगाडणार नाही, म्हणाले. दुसऱ्या दिवशी अक्कानं लुगड्याचा पदर खोचला, मला शाळेतून रजा घ्यायला लावली आणि आम्ही दोघी मोटारीनं देवासला गेलो.

गणपतराव गोदामाच्या मागच्या अंगणात होते. पुराव्याचे बकरे त्यांच्याच ताब्यात होते आणि ते त्यांना हातानं पाला भरवत होते. पुरावा असल्यामुळं त्यांना कापायची सोय नव्हती. दोघंही चांगलेच माजले होते. आम्हाला बघून गणपतराव उभे राहिले, पण हातातला पाला तसाच राहिला.

"भावजी," अक्का म्हणाली, "हे दारात होते. तुम्ही बघितलं ना?"

ते बकऱ्यांकडे बघत म्हणाले, "बघितलं, वहिनी. तीनदा हाजिर म्हणाला. तिसऱ्या वक्ताला आवाज फाटला त्याचा. एक शब्द बोलला असता तर मी पहारा घेतला असता."

"आणि तुम्ही एक शब्द बोलला असता तर?"

गणपतरावांनी उरलेला पाला खाली ठेवला आणि हात धोतराला पुसले. शपथपत्र कुठं करायचं तेवढं त्यांनी विचारलं. येताना मोटारीत मी अक्काला म्हटलं, की वकिली तूच करायला हवी होतीस. ती म्हणाली, या दोघांबरोबर आयुष्य काढलं की तेवढं येतं.

इंदूरला सुनावणीच्या दिवशी मीही गेले होते. सरकारी वकील बराच वेळ बोलले, की माणसाला बोलावलं होतं, तोच आला नाही. मग नीलकंठरावांनी गणपतरावांचं शपथपत्र वाचलं. न्यायमूर्तींनी चष्मा काढला आणि विचारलं, की हा माणूस स्वतःच्याच चौकशीच्या दारावर पहारा देत होता असं तुमचं म्हणणं आहे काय? तसंच आहे, वकील म्हणाले. तो आज कोर्टात हजर आहे का? नीलकंठरावांनी मागं वळून बघितलं. बाकावर मी आणि अक्का होतो, मधली जागा रिकामी. दाजी कोर्टाच्या दाराच्या उजव्या अंगाला, पट्टेवाल्याच्या शेजारी, ताठ उभे होते. सगळं कोर्ट हसलं. न्यायमूर्तींनी चष्मा पुन्हा चढवायला जरा वेळ लावला. त्यांनी निकाल दिला, की ज्याला सरकारनंच दाराशी उभं केलं तो आला नाही म्हणून त्याला काढणं हा न्याय नव्हे. हुकूम रद्द. सरकारला हवं तर त्यानं पुन्हा चौकशी करावी, पण या वेळी त्याचं ऐकून.

वकिलांनी पेढे वाटले. दाजींनी पेढा हातात धरला आणि विचारलं, "पण मला विचारलं कुठं?"

हे असं होणार हे मला माहीतच होतं. एव्हाना ते घाईचे साहेब दुसरीकडे गेले होते. त्यांच्या जागी आलेले साहेब पोक्त आणि आरामशीर होते. त्यांनी दाजींना बोलावून सांगितलं, की कामावर या, झालं गेलं विसरा, पुन्हा चौकशीची काही गरज नाही. दाजी कामावर रुजू झाले आणि लगेच म्हणाले, "हुजूर, कोर्ट के हुकूम में पूछना लिखा है. पूछिए." साहेबांनी समजावलं, वकिलांनी समजावलं, मी तर हात जोडले. आरोप मिटलेला असताना स्वतःची चौकशी मागणारा माणूस मध्यभारतात दुसरा झाला नसेल. शेवटी कंटाळून साहेबांनी दिवस नेमला.

दसरा तोंडावर होता. मी सुट्टीला देवासलाच आले होते. कचेरीसमोरच्या लिंबाखाली मी आणि अक्का उभ्या राहिलो. तिथंच ते दोन्ही बकरे बांधलेले होते. आता त्यांना पुराव्यातून मोकळं केलं होतं, पण गणपतरावांनी व्यापाऱ्यांना आधीच निरोप दिला होता, की या दसऱ्याला कापायला दोन कोहळे पाठवा. इतके दिवस हातानं भरवलेलं कापवेना त्यांच्यानं. समोर कचेरीची दोन दारं होती. धाकट्या दारावर गणपतराव. थोरल्या दारावर, अर्थातच, आमचे सुरक्षा अधिकारी.

आतून पुकारा झाला. दाजी "हाजिर" म्हणाले आणि हलले नाहीत. अक्कानं माझा दंड इतका घट्ट धरला की मी ओरडणारच होते. दुसरा पुकारा झाला. दाजी पुन्हा "हाजिर" म्हणाले, जागच्या जागी. मला वाटलं, आता मीच जाऊन उभी राहते दारात, जमादारीण होऊन. तेवढ्यात गणपतराव आपल्या दारावरून निघाले, दाजींच्या शेजारी येऊन उभे राहिले आणि समोर बघत म्हणाले, "पहारा माझा."

दाजींनीही समोरच बघत विचारलं, "दोन्ही दारांचा?"

"दोन्ही."

दाजी वळून आत गेले. गणपतरावांनी त्यांच्यामागं दार लावलं नाही. या साहेबांचा हुकूम आत कुणाला सोडू नका एवढाच होता, दार बंद ठेवा असा नव्हता, असं त्यांनी नंतर मला समजावलं. त्यामुळं लिंबाखाली आम्हाला सगळं ऐकू आलं. साहेबांनी नाव विचारलं, काम विचारलं, आणि मग म्हणाले, की सांगा, दोन बकरे का घेतले.

आता दोन्ही पात्यांचा इतिहास सुरू होणार म्हणून मी ओठ हलवायला लागले. पण आतून पाठ केलेलं काहीच येईना. मग दाजींचा आवाज आला, नेहमीपेक्षा हळू.

"हुजूर, एक मेरे पहारे का था. दूसरा गणपतराव का. उनकी देवडी गई, जमादारी गई, सब मेरे नीचे आ गया. उनका मान तो मेरे नीचे नहीं आया न. मैं दूसरा बकरा वापस करता तो पूरे बाजार के सामने उनका मान जाता. इसलिए लिया. दोबारा आएगा तो दोबारा लूँगा."

मग साहेब लेखनिकाला म्हणाले, की हे जसंच्या तसं लिहून घ्या, आणि खाली लिहा, आरोप खोटा.

मी गणपतरावांकडे पाहिलं. ते दोन दारांच्या मधे ताठ उभे होते आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, मिशीत जिरत होतं. हात वर करायची सोय नव्हती. पहाऱ्यावरचा माणूस डोळे पुसत नाही. अक्का पुढं निघाली तशी मी तिला धरली, कारण हे काम तिचं नव्हतं.

दाजी बाहेर आले. त्यांनी गणपतरावांकडे एकदा नीट बघितलं, त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले आणि समोर बघत म्हणाले, "पहारा माझा."

मग गणपतरावांनी डोळे पुसले.